कामठीचं पान, दक्षिण ध्रुवाचा रंग

अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, १९४३ सालचा. पुण्यात बी.एस्सी. करत असताना घरच्या एका स्नेह्यांमुळे त्यांच्या हाती एक इंग्रजी पुस्तक आलं: सर अ‍ॅलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी'. समुद्रात तरंगणाऱ्या, बहुतेक नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवसृष्टीवरचं ते पुस्तक वाचून या मुलीनं समुद्रविज्ञानाची वाट धरली. हवाई विद्यापीठात प्लवकांच्या प्रकाशसंश्लेषणावर एम.एस., लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजातून सागरी शैवालांवर पीएच.डी., १९७३ पासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत नोकरी, आणि १९८३च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत निवड. सोबत होत्या जादवपूरच्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया.

एवढी माहिती स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एका ओळीत सापडते. त्या ओळीत जी गोष्ट येत नाही तीच मला अधिक मोलाची वाटते. हे सगळं ज्या पुस्तकानं सुरू झालं, ते एका चित्रकाराचं पुस्तक होतं. १९५६ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या भागात हार्डी यांनी स्वतः काढलेली शंभराहून अधिक जलरंगचित्रं आहेत, आणि त्यांतले बहुतेक जीव त्यांनी जिवंत असताना, बोटीवर, समोर काचेच्या भांड्यात ठेवून रंगवलेले आहेत.

जिवंत असतानाच का, याचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. जाळ्यात आलेला इवलासा कोळंबीसारखा जीव फॉर्मॅलिनमध्ये टाकला की त्याचा आकार टिकतो, रंग जातो. क्रिलचंच पाहा. जिवंत क्रिल काचेसारखं पारदर्शक असतं. अंगावर लालसर ठिपके, डोळे काळे आणि टपोरे, आणि खाल्लेल्या शैवालांमुळे आतल्या बाजूला हिरवट झाक. बाटलीत काही दिवस गेले की तोच प्राणी पांढुरका, अपारदर्शक, उकडलेल्या भाताच्या शितासारखा होऊन बसतो. संग्रहालयात वर्षानुवर्षं ठेवलेल्या नमुन्यावरून जिवंत प्राणी कसा होता ते कळायचा मार्ग नाही. १९२०च्या दशकात डोलणाऱ्या बोटीवर सूक्ष्मदर्शकाखालच्या हलत्या जीवाचा रंगीत फोटो काढणं ही फार दूरची गोष्ट होती. मग उरतो हात. एका हातानं भांडं सावरायचं, दुसऱ्यानं कुंचला चालवायचा, आणि तो जीव मरण्याआधी त्याचा रंग कागदावर उतरवायचा. म्हणून हार्डींची चित्रं ही पुस्तकाची सजावट नव्हे. ती नोंद आहे, तापमानाच्या किंवा क्षारतेच्या आकड्याइतकीच पक्की.

हार्डी प्राणिशास्त्रज्ञ होते, पण हात चित्रकाराचा होता. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करासाठी तोफा आणि मोर्चे रंगांनी लपवायची विद्या शिकून घेतली होती. ज्याला लपवता येतं त्याला लपलेलं दिसतंही, असं त्यांची पारदर्शक प्राण्यांची चित्रं पाहताना वाटत राहतं. १९२५ ते १९२७ या काळात ते 'डिस्कव्हरी' या जहाजावरून दक्षिण महासागरात होते. देवमाशांची बेसुमार शिकार चालली होती आणि देवमासे खातात काय, ते अन्न कुठे, केव्हा, किती असतं, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. ते अन्न म्हणजे मुख्यतः क्रिल. आणि क्रिल जगतं ते वनस्पती-प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शैवालांवर. पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण ही समुद्रातली सूक्ष्म वनस्पती करते. हार्डींनी १९२५ साली ज्या साखळीचा माग काढायला सुरुवात केली, तिच्याच मुळाशी असलेल्या प्लवकांचा अभ्यास करत अदिती पंत १९८३-८४ मध्ये त्याच महासागरात पोचल्या. मधला दुवा म्हणजे त्या पुस्तकातली चित्रांची पानं.

इथे औंधचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अदिती पंत या औंध संस्थानच्या घराण्यातल्या. वडील अप्पासाहेब पंत, स्वतंत्र भारताचे नावाजलेले राजदूत. आजोबा म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण ते स्वतः चित्रकार होते. चित्ररामायण त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलं, चित्रकारांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांच्या नकला करवल्या, आणि १९३८ साली औंधच्या डोंगरावर चित्रांचं संग्रहालय उभं केलं. आजोबांच्या चित्रांमुळे नात समुद्राकडे गेली असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण चित्र ही लक्ष देऊन वाचायची गोष्ट आहे हे ज्या घराला माहीत आहे, त्या घरातल्या मुलीच्या हाती हार्डींचं पुस्तक पडलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता त्या जहाजाकडे वळू. हार्डी ज्या 'डिस्कव्हरी'वर होते, ते स्कॉटलंडमधल्या डंडी बंदरात बांधलेलं जहाज त्यापूर्वी एकदा दक्षिणेला जाऊन आलेलं होतं. १९०१ ते १९०४ या मोहिमेत कॅप्टन स्कॉट त्याच जहाजावर होते, आणि त्यांच्यासोबत होते डॉ. एडवर्ड विल्सन. पेशानं डॉक्टर, आवडीनं पक्षी-अभ्यासक, आणि जवळजवळ स्वतःच शिकलेले चित्रकार. पुढे स्कॉट यांच्या दुसऱ्या, 'टेरा नोव्हा' मोहिमेतही (१९१०–१३) विल्सन शास्त्रीय विभागाचे प्रमुख होते. ध्रुवप्रदेशाची चित्रं काढणारे ते पहिले नव्हेत. १७७३ साली कॅप्टन कुक यांच्या जहाजानं दक्षिण ध्रुववृत्त ओलांडलं तेव्हा विल्यम हॉजेस हा चित्रकार जहाजावर होता आणि त्यानं हिमनगांची जलरंगचित्रं केली. हाच हॉजेस पुढे १७८० मध्ये भारतात आला आणि इथल्या घाटांची, किल्ल्यांची, नद्यांची चित्रं काढत फिरला. पण ध्रुवावरच्या रंगाला शास्त्राच्या शिस्तीत बसवलं ते विल्सन यांनी.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. उणे तीस-चाळीस अंशांत जलरंग चालत नाहीत; कुंचल्याचं पाणी कागदाला लागेपर्यंत गोठतं. म्हणून बाहेर फक्त पेन्सिल. हातमोजा काढायचा, बोटं बधिर होईपर्यंत रेषा ओढायच्या, पुन्हा हातमोजा, पुन्हा रेषा. रेषांच्या मधोमध रंगांची नावं लिहून ठेवायची: क्षितिजाजवळ फिकट नारिंगी, त्यावर लिंबोळी पिवळा, मग हिरवट, मग गर्द जांभळा, अशी नोंद. मग मोहिमेच्या तळावर, केप इव्हान्सच्या लाकडी झोपडीत, हिवाळ्याच्या लांब रात्रीत, ॲसिटिलीनच्या दिव्याखाली बसून त्या नोंदींवरून चित्र रंगवायचं. म्हणजे रंग मनात धरून ठेवायचा, काही वेळा महिनोन्‌महिने. त्याच मोहिमेत हर्बर्ट पाँटिंग हा अव्वल छायाचित्रकार होता आणि त्याचे फोटो आजही थक्क करतात. पण ते बहुतेक काळे-पांढरे. १९११ सालच्या अंटार्क्टिकाचं आकाश नेमकं कुठल्या रंगाचं होतं हे जगाला विल्सन यांच्या जलरंगांवरून कळलं.

चंद्राला खळं पडतं ते आपण विदर्भातही पाहतो. खळं पडलं की पाऊस येणार, असं जुनी माणसं सांगतात. ध्रुवावर हेच खळं फार मोठ्या थाटात दिसतं. हवेतल्या षट्‌कोनी हिमस्फटिकांतून प्रकाश वळतो, चंद्राभोवती साधारण २२ अंशांवर वर्तुळ उमटतं, त्याच्या दोन्ही बाजूंना चंद्राचे दोन भास दिसतात, कधी वर-खाली प्रकाशाचा क्रूस. विल्सन यांनी हे देखावे नुसते रंगवले नाहीत, त्यांचे कोन मोजले. त्यांच्या अशा चित्रावर आज पट्टी ठेवली तर वातावरणशास्त्राचा विद्यार्थी हवेत कुठल्या आकाराचे स्फटिक होते याचा अंदाज बांधू शकतो. सुंदर आणि अचूक यांत निवड करायची वेळ त्यांनी स्वतःवर कधी आणली नाही.

त्यांची शेवटची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९१२च्या जानेवारीत पाच जण ध्रुवावर पोचले तेव्हा अमुंडसेन आधीच येऊन गेला होता. परतताना उपासमार आणि थंडीनं पाचही जण गेले. अमुंडसेनच्या चमूनं मागे ठेवलेला काळा झेंडा आणि तंबू यांची विल्सन यांनी काढलेली पेन्सिलचित्रं शिल्लक आहेत. पण नागपूरकरांसाठी या कथेत एक तुकडा असा आहे, जो आपल्याकडे फार कुणी सांगत नाही.

८ फेब्रुवारी १९१२. परतीच्या वाटेवर, बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्याशी माउंट बकलीच्या पायथ्याला मंडळी थांबली. पोटात पुरेसं अन्न नाही, पायांना हिमदंश, आणि तरी विल्सन दगड गोळा करत बसले. वालुकाश्म, कोळशाचे थर, आणि त्यांत पानांचे ठसे. आकार आणि शिरा पाहून त्यांनी ती बीच वृक्षाच्या पानांशी ताडून पाहिली. सुमारे १६ किलो दगड घसरगाडीवर चढले. पुढे गाडीवरचं बरंचसं ओझं टाकून दिलं गेलं, दगड मात्र शेवटपर्यंत ओढले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू आणि मृतदेह सापडले, तेव्हा ते दगड गाडीवर होते. १९१४ साली केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ए. सी. सेवर्ड यांनी ते पान ओळखलं: ग्लोसॉप्टेरिस इंडिका. जिभेच्या आकाराचं लांबट पान, मध्ये ठळक शीर, तिच्यापासून दोन्ही बाजूंना निघालेलं बारीक शिरांचं जाळं.

हेच पान नागपूरजवळ सापडतं.

कामठी, सिलेवाडा, बोखारा ही नावं आज कोळशासाठी आणि वीजकेंद्रांसाठी घेतली जातात. १८५०च्या आसपास ती दगडाच्या खाणींसाठी घेतली जात. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. ज्यांच्या नावानं पुढे हिस्लॉप कॉलेज निघालं ते हेच. शाळा चालवायची, गोंडी लोककथा टिपायच्या आणि उरलेल्या वेळात दगड पाहत हिंडायचं, असा त्यांचा क्रम होता. कामठीचा तांबूस, लोहाचा अंश असलेला वालुकाश्म फोडला की मधल्या बारीक मातकट थरात पानं दिसत. हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी ती गोळा केली आणि विलायतेला धाडली. १८६१ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात चार्ल्स बनबरी यांनी नागपूरच्या या पानांचं सचित्र वर्णन छापलं. दोन वर्षांनी, १८६३च्या सप्टेंबरात, टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना हिस्लॉप पुराच्या ओढ्यात बुडाले. घोडा रिकामाच परतला. त्यांचे कागद पुढे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून छापले. टेंपल हे स्वतः जलरंगात निसर्गचित्रं काढणारे गृहस्थ. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, त्यांच्याच काळातला, १८६३ सालचा.

बनबरींच्या लेखाची चित्रपानं हा माझ्या दृष्टीनं या सगळ्या कथेचा कणा आहे. दगडातलं पान एका ठिकाणी, ते ओळखणारा माणूस दुसऱ्या खंडात. दगड बोटीनं पाठवायचा म्हणजे महिने. आणि एक दगड एकाच कपाटात राहतो. चित्र मात्र शिळाछापावर शेकडो प्रतींत निघतं आणि प्रत्येक विद्यापीठाच्या कपाटात जाऊन बसतं. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ओटोकार फाइस्टमँटेल यांनी गोंडवन खडकांतल्या वनस्पतींचे सचित्र खंडच प्रसिद्ध केले. शिरांचं जाळं किती दाट, मधली शीर टोकापर्यंत जाते की आधीच विरते, देठाकडे पान कसं निमुळतं होतं, हे शब्दांत सांगायला एक पान लागेल आणि तरी वाचणाऱ्याच्या मनात वेगळंच काही उभं राहील. चित्रकाराच्या बारीक रेषेत ते एका नजरेत येतं. अंटार्क्टिकाचा ठसा केंब्रिजमध्ये पोचला तेव्हा भारतातल्या पानांची चित्रं पन्नास वर्षांपासून ग्रंथालयांत होती. ध्रुवाच्या विज्ञानातला एक मोठा पुरावा या रेषांच्या आधारानं उभा राहिला.

पुरावा कशाचा, तर भूमी सरकल्याचा. विल्सन दगड ओढत होते त्याच वर्षी, १९१२च्या जानेवारीत, जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात ही कल्पना पहिल्यांदा मांडली. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते. या जोडभूमीला एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ साली गोंडवनलँड म्हटलं होतं, ते आपल्या गोंडवनावरून. वेगेनर स्वतः ध्रुवप्रदेशाचे अभ्यासक होते. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फातच त्यांचा शेवट झाला. नागपूर शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहनं. त्या गोंडांच्या भूमीचं नाव अंटार्क्टिकाच्या नकाशावर पसरलेल्या एका प्राचीन खंडाला आहे, हे नागपूरच्या किती शाळांत सांगितलं जात असेल?

आणि बर्फ? तोही आपल्याकडचाच. चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या खोऱ्यात इरई गावाजवळ १८७०च्या दशकात भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांना तालचीर नावाच्या खडकथरांतले गुळगुळीत झालेले, ओरखडे पडलेले दगड सापडले. त्यांच्या खालच्या जुन्या खडकाच्या पृष्ठभागावरही तसेच एका दिशेनं गेलेले ओरखडे होते. हिमनदी सरकताना पोटाखालचे दगड खडकावरून घासत नेते, त्या वेळी पडतात तसे. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हा भाग दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ, बर्फाखाली होता. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे तापणाऱ्या चंद्रपुरात हिमनदीचे ओरखडे आहेत, ही गोष्ट मी जितक्या वेळा सांगतो तितक्या वेळा ऐकणारा आधी हसतो, मग गप्प होतो, मग विचारतो, 'कुठे आहे ते?' त्या प्रश्नाला उत्तर म्हणून दाखवायला आपल्याकडे एकही मोठं चित्र नाही. हिमनदी वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्यात कशी दिसली असेल, बर्फ मागे सरकल्यावर दलदलीत ग्लोसॉप्टेरिसचं जंगल कसं उभं राहिलं असेल, हिवाळ्यात लांब अंधारात ती झाडं पानं गाळून कशी उभी असतील, हे एखाद्या चित्रकारानं भूवैज्ञानिकाशेजारी बसून रंगवायला हवं. अजब बंगल्याच्या एका भिंतीला किंवा रमण विज्ञान केंद्राच्या एका दालनाला ते सहज शोभेल. नागपुरात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय आहे, शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. दोघांना एका टेबलाशी बसवायला पैशापेक्षा इच्छा जास्त लागेल.

त्याच जंगलाचा कोळसा झाला. सिलेवाडा परिसरातून वेस्टर्न कोलफील्ड्स तो काढते, आणि त्या पट्ट्यात फिरताना खापरखेडा आणि कोराडीच्या चिमण्या नजरेआड होत नाहीत. अंटार्क्टिकातही, बिअर्डमोरच्या वरच्या अंगाला, असाच कोळसा आहे. तिथे तो तसाच पडून आहे, अंटार्क्टिका कराराच्या पर्यावरणविषयक प्रोटोकॉलनं खाणकामाला बंदी आहे. एकाच वनाचे दोन तुकडे. आपल्या हिश्शाचा तुकडा जळतो तेव्हा निघणारा वायू तिकडच्या हिश्शाचा बर्फ वितळवायला हातभार लावतो. नागपूरला घरोघरी वीज लागते आणि ती वीज कुणाच्या कष्टातून येते हे मी विसरत नाही. पण ध्रुवाशी आपला संबंध काय असं कुणी विचारलं तर उत्तर या चिमण्यांत आहे.

भारताच्या मोहिमांकडे येऊ. पहिली मोहीम १९८१च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली, प्रमुख होते डॉ. एस. झेड. कासिम, ९ जानेवारी १९८२ला मंडळी बर्फावर उतरली. अदिती पंत ज्या तिसऱ्या मोहिमेत होत्या तिचे प्रमुख डॉ. हर्ष गुप्ता, जहाज 'फिन पोलॅरिस'. याच मोहिमेनं 'दक्षिण गंगोत्री' हे पहिलं कायम ठाणं उभारलं. पुढे 'मैत्री' (१९८९) आणि लार्समन टेकड्यांवरचं 'भारती' (२०१२). या ठाण्यांनी ४० वर्षांत जी शास्त्रीय माहिती जमवली ती मोठी आहे. ती डोळ्यांपर्यंत पोचवायचं काम मात्र थोडंच झालं. टपाल खात्यानं १९८३ साली पहिल्या मोहिमेवर तिकीट काढलं, पुढे दक्षिण गंगोत्रीत डाकघर उघडलं. २०२४ साली भारती ठाण्यावर उघडलेल्या शाखेचा प्रायोगिक पिन 'एमएच-१७१८' आहे, म्हणजे अंटार्क्टिकाच्या पत्त्यात महाराष्ट्राची अक्षरं आली. सुदीप्ता सेनगुप्तांनी बंगालीत अंटार्क्टिकावर पुस्तक लिहिलं. चित्रकाराला, कवीला मोहिमेत जागा देण्याची रीत अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं अंटार्क्टिकासाठी कधीपासूनच पाडली. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रानंही दर मोहिमेत एक जागा अशा माणसासाठी राखावी, असं मला मनापासून वाटतं. शास्त्रज्ञाच्या कामात लुडबूड करायला नव्हे. विल्सन किंवा हार्डी यांच्यासारखं, मोजणाऱ्याच्या शेजारी बसून पाहायला.

गेल्या काही वर्षांत जगात या कलेला नवे आकार आले. ओलाफुर एलिआसन या कलावंतानं ग्रीनलंडच्या खाडीत तुटून तरंगणारे बर्फाचे ठोकळे आणून कोपनहेगन (२०१४), पॅरिस (२०१५) आणि लंडन (२०१८) इथे चौकात ठेवले. लोक त्यांना हात लावत, कान लावत. आत अडकलेली जुनी हवा फुटताना बारीक तडतड ऐकू येते. कल्पना जबरदस्त आहे, पण तो बर्फ इतक्या दूर वाहून न्यायला जे इंधन जळलं त्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यापेक्षा इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ साली काढलेले पट्टे मला जास्त पटतात. एक वर्ष, एक उभा पट्टा. थंड वर्ष निळं, उष्ण वर्ष लाल. ना आकडे, ना अक्षरं. डावीकडून निळा उजवीकडे लाल होत जातो आणि निरक्षर माणसालाही कळतं. लोकांनी त्यांचे मफलर विणले, भिंती रंगवल्या. विज्ञानाची आकृती कापडावर आली की ती अंगावर चढते, घरात येते.

कापडाचं निघालंच आहे तर नागपूरनं स्वतःचं काही करावं. आपल्याकडे करवतकाठी साडी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या जंगलातला टसर, काठाला सुती रंगीत धागा, आणि काठ जिथे अंगाला मिळतो तिथे करवतीच्या दात्यांची रांग. हे दाते छापलेले किंवा भरतकामाचे नसतात. काठाचा आणि अंगाचा आडवा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी येतो आणि दोन्ही धागे एकमेकांत अडकवले जातात. ही अडकवायची जागा विणकर प्रत्येक आडव्या धाग्याला थोडी पुढे किंवा थोडी मागे नेतो. त्यातून दाता तयार होतो.

अंटार्क्टिकाच्या बर्फातून काढलेल्या गाभ्याचा आलेख असाच दातेरी आहे. पूर्व अंटार्क्टिकात डोम सी इथे युरोपीय चमूनं तीन किलोमीटरहून खोल छिद्र पाडून ८ लाख वर्षांचा बर्फ वर काढला. त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांत त्या त्या काळचा कार्बन डायऑक्साइड कोंडलेला आहे. त्याचं प्रमाण दहा लाख भागांत साधारण १८० ते ३०० या दरम्यान खाली-वर होत राहिलं. हळूहळू उतार, मग झपकन चढ, पुन्हा उतार. साधारण लाख-लाख वर्षांचा एकेक दाता. हिमयुगं आली आणि गेली त्यांची ही रेषा. करवतकाठीच्या मागावर आडवा धागा म्हणजे काळ धरला आणि अडकवण्याची जागा म्हणजे प्रमाण धरलं, तर हा आलेख जसाच्या तसा विणता येतो. वेगळं तंत्र शोधायला नको. दाते सारखे न ठेवता बर्फातल्या आकड्यांप्रमाणे मागे-पुढे करायचे, एवढाच फरक.

हिशेब मांडून पाहावा. साडी साडेपाच मीटर लांब. त्यात ८ लाख वर्षं बसवली तर एका सेंटिमीटरला सुमारे साडेचौदाशे वर्षं येतात. काठ चार बोटं रुंद धरला आणि १८० ते ३०० हे सगळे चढ-उतार त्यात बसवले. पदराच्या अगदी टोकाशी, गेली पावणेदोनशे वर्षं येतात ती जेमतेम सव्वा मिलिमीटरमध्ये, म्हणजे दोन-तीन आडव्या धाग्यांत. आजचं प्रमाण ४२०च्या पुढे आहे. तेव्हा त्या दोन-तीन धाग्यांत विणकराला काठाची वरची मर्यादा सोडून आणखी चार बोटं वर, टसरच्या अंगात जावं लागेल.